आईच्या दारात पाहुणी

विमानात साचिएच्या अंगावर तीन स्वेटर आणि दोन कोट होते, कारण सामानाच्या वजनाला मर्यादा होती, माणसाच्या नव्हती. शेजारी बसलेली तिची वीस वर्षांची लेक यानच्यू म्हणाली, "आई, आजीने तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. असं गाठोडं होऊन दारात उभी राहिलीस तर तिला वाटेल, पोस्टातून पार्सल आलंय."

साचिए हसली नाही. बीजिंग सोडल्यापासून ती ओठांतल्या ओठांत एकच वाक्य घोळवत होती : आई, मी साचिए, परत आलेय. रेडिओवरचे धडे ऐकून ती जपानी शिकली होती. याहून अवघड वाक्यंही तिला येत होती, पण ती आईपुढे लागतील असं तिला वाटत नव्हतं. उत्तरात तिला जास्त काही नको होतं. आईच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचं होतं, एवढंच.

पंचेचाळीसच्या ऑगस्टात जपान हरला, तेव्हा ईशान्य चीनमधल्या मांचुरियात वसवलेली जपानी शेतकऱ्यांची कुटुंबं पायी पळत सुटली. बाप सैन्यात, तान्हं आईच्या पाठीवर, आठ वर्षांचा कुनिओ हाताशी, आणि मागून तापाने फणफणलेली साचिए. आईने तिला एका चिनी घराच्या अंगणात गवताच्या गंजीला टेकवून बसवलं, पाणी आणते म्हणाली आणि गेली. तान्हं पुढे परतीच्या बोटीवर दगावलं. साचिए मात्र वाचली. त्या घरच्यांनी तिला ठेवून घेतलं, ग्वेइलान नाव दिलं, आणि त्यांच्या परीने माया केली. गावाला ती जपानी सैतानाचं पिल्लू होती. राजकारण तापलं की गळ्यात पाटी अडकवून तिला चौकात उभं करत. निवलं की त्याच लोकांच्या लग्नात ती आहेर घेऊन जाई. नवरा कोळशाच्या खाणीत गेला, तो वर आलाच नाही. मग बऱ्याच वर्षांनी, अशा हरवलेल्या पोरांना नातलग शोधायला टोकियोत नेलं, तेव्हा कुनिओने तिच्या कोपरावरचा भाजल्याचा डाग ओळखला. आई त्या भेटीला आली नव्हती. गुडघे दुखत होते म्हणे. त्यानंतर दोन वर्षांनी, आज, ती कायमची येत होती.

विमानतळावर कुनिओ गाडी घेऊन आला होता. त्याने वाकून नमस्कार केला, प्रवासाची चौकशी केली, मग उत्तर चीनमधल्या हवेची, मग एकूणच हवेची. हवा संपल्यावर तो गाडी चालवत राहिला. नागानोच्या डोंगरांत शिरताना मार्चचं बर्फ रस्त्याच्या कडेला काळं पडून साचलेलं होतं. गाडी थांबली ती घरी नाही, गावाबाहेरच्या सरकारी वसाहतीत, दोन खोल्यांपुढे. वहिनीने सगळं नीट लावून ठेवलं होतं. तांदूळ, लोणचं, दोन नव्या रजया, दोन वाडगे, दोन पेले. त्या दोन वाडग्यांवरून साचिएला कळलं की रात्रीचं जेवण इथेच आहे.

कुनिओने गॅस कसा पेटवायचा ते दाखवलं, मग न्हाणीघर, मग चटईवर चपला कशा घालायच्या नाहीत ते. मग परत गॅस.

यानच्यू चिनीत पुटपुटली, "मामा अजून एकदा दाखवेल, तर सिलिंडर रिकामा होईल."

"दादा," साचिए म्हणाली, "आईकडे कधी जायचं?"

त्याने गॅस बंद केला. मग तो बंद झालाय का ते पाहिलं.

"तिचं डोकं ठिकाणावर नाही का?" साचिएने विचारलं.

"अगदी ठिकाणावर आहे. तीच तर पंचाईत आहे." तो चटईवर बसला. "गावी पोचल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं, साचिए तापाने गेली, माझ्या हातांनी पुरली. बाबा कैदेतून सुटून आले, त्यांनाही तेच सांगितलं. मला विचारलं की मीही तेच सांगायचो. तू सापडलीस हे तिला सांगितलं, तर म्हणाली, असेल कुणी गरीब बाई, जपानात यायचं असेल बिचारीला. कर मदत." चटईची कड सरळ करत तो म्हणाला, "मग केली."

साचिए एवढंच म्हणाली की तिला एकदा भेटायचंय. दिवेलागणीला ते तिघं घरी पोचले.

आई अंगाने लहान आणि पाठीने ताठ होती. तिने कपाळ चटईला टेकवून पाहुण्यांचं स्वागत केलं. साचिएने आपलं वाक्य म्हटलं. एकही चूक झाली नाही.

"फार लांबून आलात," आई म्हणाली. "दमला असाल."

साचिएने एकेक करून बाह्या वर सारल्या आणि कोपर पुढे केला. आईने तो बराच वेळ पाहिला.

"लहानपणी भाजलं वाटतं. तुमच्या आईचं लक्ष नसेल. कामाच्या घाईत होतं असं."

मग साचिएने थैली पुढे केली. थैलीत चिलगोजे होते, पाइनच्या झाडाच्या बिया, स्वतः जंगलातून गोळा करून भाजलेले. पाहुण्याने आणलेली वस्तू त्या घरात आधी देव्हाऱ्यातल्या पितरांपुढे जाते, मग माणसांच्या तोंडात. आई थैली घेऊन गुडघ्यांवर सरकत देव्हाऱ्याशी गेली. तिथे चार-पाच वर्षांच्या, कपाळावर सरळ कापलेल्या केसांच्या एका मुलीचा फोटो होता. पुढ्यातल्या इवल्या वाटीतल्या भाताला अजून वाफ येत होती. घरातला कुणीच त्या मुलीआधी जेवत नसे.

आईने घंटा वाजवली.

"साचिए," ती हाक मारावी तशी म्हणाली, "चीनहून एक बाई आल्यात बघ. तुझ्यासाठी खाऊ आणलाय त्यांनी."

कुनिओ भिंतीकडे पाहत होता. आई बाजूला झाली आणि तिने बसायची गादी साचिएकडे सरकवली. "तुम्हीही हात जोडा. तिला बरं वाटेल."

यानच्यूला जपानी येत नव्हती. तिने हळूच विचारलं, "कोण गं ही मुलगी?"

"या आजींची," साचिए म्हणाली आणि गादीवर गुडघे टेकून तिने हात जोडले.