किडनी वहिनींची, कबुतरं दादांची

चाकणला आमच्या कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये दोनच गोष्टी साचतात. रिजेक्ट झालेला माल आणि कांबळे दादांचे किस्से. माल निदान भंगारात तरी जातो, राव!

दादांची किडनी बदलली. वहिनींनी स्वतःची दिली. डॉक्टरांनी बजावलं, "नवी किडनी टिकावी म्हणून औषधांनी तुमची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी केलीय. एरवी माणसाच्या वाट्याला न जाणारे पक्ष्यांचे विषाणूही तुम्हाला गाठू शकतात. घरात पक्षी नाहीत ना?"

"घरात नाहीत," दादा म्हणाले.

"गच्चीवर बावीस आहेत," वहिनी म्हणाल्या.

*

दादांनी तोडगा काढला. मास्क, गॉगल, हातमोजे घालून लांबून दाणे टाकायचे.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही खुशाल जा. माझी किडनी येणार नाही."

हे मी घरी सांगितलं, तर बायको हळहळली. तिच्याकडे असलं हत्यार नाही.

*

दादा कामावर रुजू झाले त्याच दिवशी कंपनीच्या शेडमध्ये त्यांच्या टेबलाच्या बरोबर वर, पत्र्याखाली एक पारवा बसलेला. आमच्या सुपरवायझरनं संशयित पार्टला लावतात तो लाल टॅग आणून खाली खांबाला बांधला. 'होल्ड. निर्णय होईपर्यंत हलवू नये.'

पारव्यानं नियम पाळला. शेवटी दादांचंच टेबल हलवावं लागलं.

*

कबुतरं हिंजवडीपलीकडच्या माण गावातल्या आबांकडे द्यायची ठरली, त्यांच्याकडेही कबुतरं होती. आबा टेम्पो घेऊन संत तुकाराम नगरात दादांच्या घरी आले.

दादा म्हणाले, "सहा महिने जाळीतच ठेवा. नाहीतर परत येतील."

"न्हाई येत," आबा म्हणाले. "आमच्याकडं आलेलं जनावर जात न्हाई."

टेम्पो वळला तसे दादा रडायला लागले. ऑपरेशनला जातानासुद्धा रडले नव्हते.

*

सहा महिन्यांनी आबांनी जाळी उघडली. एकवीस कबुतरं तिथंच रमली.

त्याच आठवड्यात रविवारी आम्ही दादांकडे चहाला गेलो होतो. खिडकीच्या काचेबाहेर सरदार, त्यांचं सगळ्यात म्हातारं कबुतर, येऊन बसलेलं. दादा उठले. वहिनींनी नुसतं बघितलं, दादा बसले.

वहिनींनी मास्क लावला, हातमोजे चढवले, सरदारला खोक्यात घातलं आणि स्कूटरवरून स्वतः माणला निघाल्या. आम्ही दादांना सोबत म्हणून थांबलो.

अडीच तासांनी वहिनी परतल्या. घामाघूम, हेल्मेट डोक्यावरच. खिडकीत सरदार बसलेला. खिडकी बंदच होती, फक्त काचेवर आतून दादांचा तळहात टेकलेला.

दादांनी घड्याळाकडे पाहिलं.

"हा साडेपाचलाच आला. तुला हिंजवडीत ट्रॅफिक लागलं का?"