शमीममावशी आणि छताजवळचा दिवा

आमच्या मोबाइलवर ‘पाळणाघर’ नावाचा एक ग्रुप आहे. त्यावर दिवसभर काय येणार ते ठरलेलं असतं... कुणाची चड्डी कुणाच्या पिशवीत गेली, कुणाचा डबा राहिला, कुणाची आई आज उशिरा येणार. गेल्या महिन्यात पहिली पाळी संपवून नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने आम्ही निघालो आणि बसमधल्या चार-पाच जणींचे फोन एकदमच वाजले. शमीममावशींची सून नाझनीन हिने दोनच शब्द लिहिले होते : ‘अम्मी गेल्या.’ माझ्या शेजारच्या सविताने मोठ्यानं विचारलं, “कुठं गेल्या?” आणि विचारता विचारताच तिला कळलं. मावशी दोन दिवसांपासून छातीत दुखतं म्हणून तळेगावला दवाखान्यात होत्या. पण त्या परत येणार याबद्दल आमच्यापैकी कुणालाही शंका नव्हती. आदल्या संध्याकाळी तिथून त्यांनी फोन केला होता तो, मुलांची नखं वाढलीत, जिनं तिनं आपापल्या घरी कापून पाठवा, एवढं सांगायला.

मावशी मूळच्या टाकवे बुद्रुकच्या. लग्न होऊन वराळ्याला आल्या. त्यांच्या यजमानांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि ते वारल्यावर त्याच लांबट, उंच छताच्या खोलीत मावशींनी पाळणाघर काढलं. कारखान्यांत जाणाऱ्या आम्हा बायकांना त्याच्यासारखा आधार नव्हता. माझा अथर्व दहा महिन्यांचा असताना मी त्याला पहिल्यांदा त्यांच्या हातात दिला. मी रडत होते, तो रडत होता, आणि मावशी हसत होत्या. “मनीषा, तू जा. हे गवारीचं शेंगाट मी सांभाळते,” म्हणाल्या. तेव्हापासून अथर्व ‘गवार’. प्रत्येक मुलाला त्यांनी एकेक भाजी वाटून दिली होती. गुटगुटीत स्वरा म्हणजे ‘भोपळी’, सदा किरकिरणारा एक ‘कारलं’. गंमत अशी, की घरी नावानं हाक मारली तर ढिम्म न हलणारी ही पोरं मावशींच्या ‘ए दोडक्या’वर धावत यायची.

कोविडनंतर पाळणाघर पुन्हा सुरू झालं त्या वर्षीच्या पावसाळ्याची ही गोष्ट. मावळातला पाऊस आडवा येतो. खिडक्या उघडल्या की गाद्या भिजणार, म्हणून त्या बंद. आत सगळी मुलं एकत्र. एकाला ताप आला की आठवड्याभरात सगळी खोली आडवी पडायची, मग मुलांच्या आया आणि घरातली म्हातारी माणसं. मूल आजारी म्हणजे आईची सुट्टी, आणि सुट्ट्या वाढल्या की सुपरवायझरचा चेहरा बदलतो. सविताला तर सरळ सांगितलं गेलं की असंच चाललं तर घरीच बसा. एका संध्याकाळी आम्ही तिघी-चौघी दारात उभ्या राहून नोकरी सोडायचंच बोलत होतो. मावशी आतून ऐकत होत्या. ओल्या हातानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “तुमी समद्यांनी कामं सोडली तर मी कुणाची मावशी? थांबा जरा. कायतरी करू.”

त्याआधी कधीतरी मीच त्यांना बोलता बोलता सांगितलं होतं, की आमच्या कारखान्यात पाणी एका खास दिव्याखालून जातं आणि त्यातले जंतू मरतात. मावशींनी ते डोक्यात ठेवलं होतं. पुण्यातल्या एका दुकानदाराकडून त्यांनी तसल्याच प्रकाशाची एक उघडी नळी आणवली. ‘अतिनील किरणांचा दिवा आहे, लावा आणि खुशाल खाली बसा, काही होत नाही,’ असं त्यानं सांगितलेलं. दिवा लागला रविवारी. पाळणाघराला सुट्टी होती. नाझनीन म्हणाली, “अम्मी, मीपण बसते.” मावशींनी तिला बाहेर काढलं. “आधी मी बसते. पोरांना बसवायचं तर मला ठाऊक नको व्हय?” आणि दार लावून, मेथीच्या जुड्या पुढ्यात घेऊन मावशी त्या निळसर उजेडात दुपारभर बसल्या.

सोमवारी सकाळी मी अथर्वला घेऊन गेले तर मावशी ओट्यावर बसलेल्या, डोळ्यांवर ओलं फडकं, चेहरा भाजल्यासारखा लाल. रात्रीपासून डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं होत होतं. नाझनीननं दिवा केव्हाच उतरवून ठेवला होता. मावशी आवाजावरून मला ओळखून म्हणाल्या, “मेथी तेवढी झ्याक निवडून झाली बघ.” मी हसले नाही. मग त्या म्हणाल्या, “बरं झालं गं, मी बसले... पोरं बसली असती तर...” फडक्याखालून पाणी ओघळत होतं. ते दुखण्याचं होतं की दुसरं कसलं, मला कळलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, दोन-तीन दिवसांत नजर निवळली. तेवढे दिवस पाळणाघर बंद राहिलं आणि ते का बंद आहे, हे मावशींनी प्रत्येक आईला स्वतः फोन करून सांगितलं. एक शब्द लपवला नाही.

मला वाटलं, आता हा विषय संपला. पण बरं वाटल्याबरोबर त्यांनी मला धरलं, “तुझ्या कारखान्यातल्या दिव्यानं तुझे डोळे कसे न्हाई गं जळत?” मी आमच्या मेंटेनन्सच्या जगतापसरांना त्यांच्याकडे घेऊन गेले. सरांनी समजावलं, की दिवा खोटा नव्हता, विषाणू त्यानं मरतातच, पण तो माणसांवर पडता कामा नये. त्याला खालून बंद असलेली पेटी हवी, ती डोक्याच्या बरीच वर लावायची आणि किरणं छताखालून आडवी सोडायची. पंख्यानं खालची हवा वर जाते, तिथं तिच्यातले विषाणू निकामी होतात आणि ती परत खाली येते. मावशी क्षणभर छताकडे बघत राहिल्या. “म्हंजी हवेलाच आंघोळ घालायची, वरच्या वर!” जगतापसर म्हणाले, “माझ्यापेक्षा सोपं सांगितलंत.” “सोपं झालं, पण खरं हाय का ते बघायला पायजे,” मावशी म्हणाल्या.

बघायला आम्ही गेलो लोणावळ्याला. तिथल्या छातीच्या एका डॉक्टरबाईंनी आपल्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, तसा दिवा बसवला होता. धुकं असं, की स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला समोरचा रस्ता आठवणीनं काढावा लागत होता. दवाखान्यात शिरल्याबरोबर मावशी चपला काढून थेट बाकावर चढायला निघाल्या. काउंटरवरची मुलगी ओरडली, “अहो आजी, उतरा! वर तोंड नेऊ नका!” मावशी उतरल्या आणि माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाल्या, “ही पोरगी वरडती म्हंजी दिवा खराच हाय.” डॉक्टरबाई हसत बाहेर आल्या. मावशींनी त्यांना विचारून विचारून भंडावलं. पोरानं वर चेंडू मारला तर? दिवा बिघडला आणि कळलंच नाही तर? छताला चकचकीत रंग असला तर? शेवटच्या प्रश्नावर बाई म्हणाल्या, की हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच, चकचकीत रंगावरून किरणं खाली परततात, तो नको. येताना वडगाव आल्यावर मावशी एकदम म्हणाल्या, “छताला चुना मारून घेते.”

चुना वाळल्यावर पेटीतला नवा दिवा छताजवळ लागला. जगतापसरांनी किरणं मोजायचं मीटर आणून आधी मुलांच्या डोक्याच्या उंचीला मोजलं, मग स्वतः ताठ उभे राहून डोळ्यांच्या उंचीला. खोलीचा एकेक कोपरा. सगळीकडे आकडा ठीक आला तरी मावशींनी पहिले दोन दिवस एकही मूल आत घेतलं नाही. पुन्हा एकट्या बसल्या. या वेळी काही झालं नाही.

पण गावात बातमी पसरली होती. स्वराचे आजोबा, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, शेतातून तसेच चिखलाच्या पायांनी आले आणि दारातूनच गरजले, “शमीम, लेकरांवर किरणं सोडती व्हय? एकदा डोळं जाळून भागलं न्हाई?” मावशी शांतपणे म्हणाल्या, “आबा, तुमचं बराबर हाय. उद्यापासून तुमी हितंच बसा दिवसभर. जरा काय वाटलं तर माज्या आधी तुमी बटन बंद करा.” आबा खरंच आले. खुर्ची टाकून दिव्यावर डोळा ठेवून बसले. जेवणानंतर खुर्चीतच त्यांना झोप लागली आणि ते असे घोरायला लागले, की पोरं त्यांच्याभोवती गोळा होऊन खिदळत बसली. आबा आठवडाभर रोज येत राहिले. दिव्याची भीती कधीच गेली होती, पण आता पोरांना त्यांच्या तोंडून ससा-कासवाच्या पलीकडल्या, बिबट्या आणि गव्याच्या गोष्टी हव्या असायच्या.

त्यानंतर सर्दी-ताप आलाच नाही, असं मी म्हणणार नाही. आला. पण एकाच्या मागोमाग सगळी खोली आडवी पडणं आम्ही पुन्हा पाहिलं नाही. सविता आजही माझ्याच पाळीत आहे. आणि ते सगळं दिव्याचंच यश, असं मावशींनी कधी म्हटलं नाही. हात धुणं, तापलेल्या मुलाला घरी ठेवणं, पाऊस थांबला की खिडक्या उघडणं, यात त्यांनी काडीची सूट दिली नाही. “दिवा हवा धुतो, तुमच्या पोरांचं हात न्हाई धुत,” हे वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पुढं अंगणवाडीच्या ताई दिवा बघायला आल्या, मशिदीतल्या मुलांच्या वर्गाचे मौलाना आले. मावशी प्रत्येकाला आधी मेथीची गोष्ट सांगायच्या, आपले डोळे कसे जळले ते, आणि मगच वर बोट दाखवायच्या.

त्या गेल्यावर पाळणाघराचं काय, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही. नाझनीननंच ग्रुपवर लिहिलं, ‘सोमवारपासून पाठवा.’ अथर्व आता शाळेत जातो, तरी मी त्या दिवशी रजा टाकून मदतीला गेले. वर दिवा चालू होता, पंखा हळू फिरत होता. जेवणं झाली. मुलांनी आपापल्या चटया ओढून दोन रांगा केल्या, पण मधोमध एक मोठी जागा मोकळी सोडली. मावशी दुपारी तिथं आडव्या व्हायच्या, दोन्हीकडच्या पोरांना थापटायला हात पुरावेत म्हणून. नाझनीन उभीच राहिली. तिला काय करावं सुचेना. एका चिमुरडीनं उठून तिच्या ओढणीचा पदर धरला आणि म्हणाली, “तू झोप ना हितं. आम्ही थापटतो.”

नाझनीन आडवी झाली. दोन बाजूंनी दोन छोटे हात तिच्या पाठीवर पडू लागले... आणि सगळ्यांच्या आधी तिलाच झोप लागली.