कंडक्टरबाईंची हरकत

कंडक्टरबाई निवृत्त झाल्या आणि लगेच आजारी पडल्या. ताप नाही, खोकला नाही, नुसती चक्कर. डॉक्टरांनी कान पाहिले, रक्तदाब मोजला आणि "तुम्हाला काहीही झालेलं नाही" असं सांगून परत पाठवलं. पण झालं होतंच. बाईंचं उभं आयुष्य शहर बसमध्ये उभ्याने गेलं होतं. एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात सुटे पैसे, आणि दांडी धरायला तिसरा हात कुणालाच मिळत नाही. त्यामुळे वळण येवो, खड्डा येवो, नाहीतर ड्रायव्हरला अचानक म्हैस दिसो, बाई नुसत्या पायांवर तोल सांभाळायच्या. आता पायांखाली काही हलेचना. त्यामुळे डोकंच हलायला लागलं.

"वहिनी, हे घर फार स्थिर आहे हो," एकदा भिंतीला टेकत त्या म्हणाल्या.

"वन्सं, घर स्थिरच असतं," वहिनी म्हणाल्या. "हललं की त्याला भूकंप म्हणतात."

बाई भाऊ-वहिनींकडे राहायच्या. लग्न केलं नव्हतं. गाडी चुकली असं काही नव्हतं, बाईंनी हातच दाखवला नव्हता. भाची नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा माळ्यावर तिचे चाकांचे बूट राहिले होते. वहिनींनी ते भंगारात काढले. बाईंनी गंमत म्हणून पायात घातले, तर दोन मोज्यांवर अगदी मापात बसले! त्या फ्रिजला धरून उभ्या राहिल्या. फ्रिज जागेवर राहिला, बाई मात्र निघाल्या. स्वयंपाकघर, मधली खोली, बैठक असा सगळा प्रवास एका दमात करून त्या सोफ्यावर भावाच्या पेपरात जाऊन पडल्या.

भावाने पेपरातलं भोक पाहिलं. "लागलं का?"

"दादा," बाई छताकडे बघत म्हणाल्या, "चक्कर थांबली!"

घरात हा प्रकार चालू देणं शक्य नव्हतं. वहिनींनी काचेच्या कपाटाकडे नुसतं बोट दाखवलं आणि विषय संपला. पण दोन गल्ल्या पलीकडे जुना बस डेपो होता. गाड्या शहराबाहेरच्या नव्या डेपोत गेल्यापासून तो ओस पडला होता. दरवाजावरचा पहारेकरी बाईंना ओळखत होता, त्याने छोटं दार उघडं ठेवलं. आत पत्र्याची मोठी शेड, तीन भागांची, आणि खाली ती फरशी! वर्षानुवर्षं टायर आणि ऑइल पिऊन ती अशी गुळगुळीत झाली होती की पायाला जमीन लागतेय की नाही तेच कळू नये. तिसऱ्या भागाच्या शेवटी गाड्या धुवायच्या खड्ड्याकडे जाणारा उतार होता.

बाई सकाळी जाऊ लागल्या. गुडघ्यांना उशा बांधायच्या, जुन्या गणवेशाची पॅन्ट चढवायच्या आणि सुटायच्या. पहिल्या दिवसांत खांब दिसला की मिठी मारायच्या. मग खांबांशी ओळख कमी होत गेली. मग एके दिवशी त्या उतारावरून खाली गेल्या, हात पसरून, तोंड उघडं, आणि घशातून असा काही आवाज निघाला की पहारेकरी काठी घेऊन धावत आला. बाई खड्ड्यात बसून हसत होत्या. इतक्या वर्षांत लोकांना 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणून घसा कोरडा झाला होता. आता त्या स्वतः पुढे सरकत होत्या आणि थांबायचं नावच नको वाटत होतं.

हळूहळू आणखी माणसं जमली. रात्रपाळी संपवून घरी निघालेली एक नर्स आली. समोरच्या चाळीतले लठ्ठ शिंपीकाका आले. त्यांना बूट मापाचे मिळेनात म्हणून त्यांनी जुन्या चपलांनाच चाकं ठोकून घेतली. कुणी कुणाला शिकवत नव्हतं. सगळे मिळून पडत होते.

आणि मग डेपोच्या दरवाजावर नगरपालिकेची सूचना लागली. जागेचा वापर 'परिवहन' बदलून 'वाणिज्य' करण्याचं ठरत होतं. तीन मजली बाजार होणार होता. कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावी.

बाईंनी हरकत घ्यायची ठरवली, आणि त्याच संध्याकाळी त्यांचे ड्रायव्हर घरी आले. ड्रायव्हर म्हणजे बाईंच्या गाडीचे कायमचे ड्रायव्हर. दोघांनी मिळून हे शहर इतक्या वेळा ओलांडलं होतं की एकमेकांच्या खोकल्यावरून त्यांना हवामान कळायचं. या नव्या बाजारात निवृत्त कर्मचाऱ्यांना गाळे मिळणार होते, आणि टायरच्या दुकानाचं स्वप्न ड्रायव्हर कित्येक वर्षांपासून उराशी धरून होते.

"बाई, तुम्ही हरकत घेताय म्हणे?"

"घेतेय."

"आणि माझा गाळा?"

"गाळा कुठेही मिळेल. ती फरशी कुठे मिळणार?"

"अहो, या वयात घसरायला जागा मागताय!"

"तुम्ही या वयात दुकान काढताय ते?"

ड्रायव्हर चहा अर्धा टाकून उठले. आयुष्यात पहिल्यांदाच ते बाईंनी घंटी दिल्याशिवाय निघाले. बाई बराच वेळ त्या कपाकडे बघत बसल्या. वाईट वाटलं. पण हरकत काही मागे घेतली नाही.

नगररचना विभागातल्या कारकुनाने त्यांचा अर्ज वाचला आणि चष्मा काढून पुन्हा वाचला. त्यात एकच वाक्य होतं: 'या जागेवर मला फार आनंद होतो, तरी ती आहे तशी ठेवावी.'

"बाई, हे कारण बसत नाही. वाहतुकीची कोंडी, सांडपाणी, असलं काहीतरी लिहा."

"सांडपाण्याशी माझं काही वाकडं नाही हो."

"पण आनंद कुठे घालू मी?"

"तुम्हाला जमेल तिथे घाला," बाई म्हणाल्या. त्याने सुस्कारा सोडून शिक्का मारला.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या टेबलाभोवती नगरसेवक, मधोमध नगराध्यक्षा. त्या मूळच्या औषधांच्या दुकानदार. डोस चुकू नये म्हणून बाळगलेली गंभीर मुद्रा त्यांनी राजकारणातही सोडली नव्हती. नगररचनाकार रंगीत नकाशा घेऊन उभे होते: घरं पिवळी, बाजार निळा, बागा हिरव्या. प्रेक्षकांत ड्रायव्हर बसले होते, बाईंकडे पाठ करता येत नव्हती म्हणून मान वळवून.

सांडपाण्याची हरकत झाली, कोंडीची झाली, मग बाईंची वाचली गेली. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

विरोधी पक्षनेते उठले. "अध्यक्ष महोदया, माझा प्रश्न आहे. आनंद नकाशावर कुठल्या रंगात दाखवतात?"

नगररचनाकार प्रामाणिक माणूस. त्यांनी खरोखरच नियमांचं पुस्तक उघडलं, पुढे चाळलं, मागे चाळलं. "आनंद... अशी स्वतंत्र तरतूद दिसत नाही."

"तो बागेत धरावा," एक सदस्य म्हणाले.

"बागेत कसा? बागेत तर बसायला बंदी आहे!"

"दवाखान्यात धरा."

"मग स्मशानात कोण धरणार?"

"ते तुमच्या प्रभागात आहे, तुम्हीच सांगा!"

टेबलाची दोन्ही टोकं एकमेकांवर तुटून पडली. नगराध्यक्षांनी हातोडा आपटून आपटून त्याचं डोकं सैल केलं. शेवटी शांतता झाल्यावर त्यांनी बाईंना विचारलं, "तुम्ही तिथे नेमकं करता काय?"

बाई उभ्या राहिल्या. रात्रभर भाषण पाठ केलं होतं, ते सगळं विसरल्या. "घरंगळते," त्या म्हणाल्या.

आता हसू कुणाला आवरेना. नगराध्यक्षांचे ओठसुद्धा क्षणभर हलले, पण त्यांनी ते जागच्या जागी बसवले. "प्रत्यक्ष स्थळपाहणी केल्याशिवाय निर्णय होणार नाही," त्यांनी जाहीर केलं.

स्थळपाहणीच्या सकाळी शिंपीकाकांनी शेड धुऊन काढली, त्यामुळे फरशी आणखीच निसरडी झाली. अख्खं सभागृह हजर होतं. गाळ्यांसाठी नावं दिलेली मंडळीही आली होती, आणि त्यांच्या पुढे ड्रायव्हर, हाताची घडी घालून.

बाईंनी एक फेरी मारली. दुसरीला गिरकी घेतली. तिसरीला नगरसेवकांच्या रांगेसमोरून इतक्या जवळून गेल्या की चौघांचे कागद उडाले. थांबल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा लाल आणि उजळ झाला होता की बोलायची गरजच उरली नाही.

नगराध्यक्षा पुढे आल्या. "मला घालून बघू द्या," त्या म्हणाल्या. "निर्णय माझ्या सहीने होणार आहे."

नर्सने आपले बूट काढून दिले. नगराध्यक्षांनी नाड्या घट्ट आवळल्या, पदर खोचावा तशा आवेशाने चष्मा खोचला, आणि बाईंचा हात धरला. पहिला भाग छान गेला. दुसऱ्या भागात त्यांना वाटलं, आपल्याला जमलं. त्यांनी हात सोडला. आणि तिसऱ्या भागाच्या टोकाला तो उतार होता.

"स्टॉप!" बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या.

कडेला उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनी सवयीने उजवा पाय जमिनीवर जोरात दाबला. ब्रेक तिथे नव्हता. हे लक्षात येताच त्यांनी जी धाव घेतली ती थेट उताराच्या तोंडाशी, दोन्ही हात पसरून. नगराध्यक्षा त्यांच्यावर आदळल्या. मागून वेगात येणाऱ्या बाई दोघांवर आदळल्या. क्षणभर ते तिघं तसेच उभे राहिले, जणू सामुदायिक छायाचित्रासाठी. मग बसले. आणि बसल्या बसल्याच, अगदी संथपणे, उतारावरून खाली खड्ड्यात गेले.

वर सगळे काठाशी जमले. आधी हसण्याची हिंमत कुणाला होणार? खड्ड्यातून नुसता एका चाकाचा फिरण्याचा आवाज येत होता. मग एक विचित्र आवाज आला. पहिल्यांदा तो रडण्यासारखा वाटला. नगराध्यक्षा हसत होत्या. केस सुटलेले, चष्मा ड्रायव्हरांच्या खिशात, आणि हसू इतकं की शब्द फुटेना. त्या एक बोट वर करून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होत्या. सगळे वाकून ऐकू लागले.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मग काय विचारता! "सत्ताधाऱ्यांनाच संधी? हा विरोधकांवर अन्याय आहे!" असं म्हणत विरोधी पक्षनेत्यांनी शिंपीकाकांच्या चाकाच्या चपला मागून घेतल्या. बूट कमी, माणसं फार, म्हणून पक्षांच्या संख्याबळानुसार पाळ्या लावल्या. कार्यालयाचा शिपाई स्वच्छता समितीच्या सभापतींना कमरेला धरून ढकलत होता. दोन कट्टर वैरी पडू नयेत म्हणून एकमेकांच्या गळ्यात पडले होते आणि सोडायला घाबरत होते.

खड्ड्याच्या काठावर बाई आणि ड्रायव्हर कोपरं चोळत बसले.

"लागलं का हो?" बाईंनी विचारलं.

"लागलं तर!" ड्रायव्हर म्हणाले. "बाई, रोज असंच असतं इथं?"

"रोज नगराध्यक्षा नसतात."

ड्रायव्हरांना हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. बाईही हसायला लागल्या. गाडीत इतकी वर्षं काढली, पण दोघांमध्ये कायम प्रवाशांनी भरलेली बस असायची. शेजारी शेजारी बसून हसायची वेळ ही पहिलीच.

या सगळ्या धुमाळीत नगररचनाकार एकटे टेप घेऊन रस्त्याकडची बाजू मोजत होते. ते घामाघूम होऊन आले. "रस्त्यालगतची पट्टी निळी करू, तिथे एकमजली गाळे बसतात. शेड हिरवी ठेवू. क्रीडांगण म्हणून. फक्त मालाच्या गाड्यांना आत यायला तिसरा भाग सोडावा लागेल."

"आणि उतार?" बाईंनी विचारलं.

"उतार जाईल."

बाई भांडल्या. उतारासाठी त्या दोन वेळा नगरपालिकेत गेल्या, एकदा नकाशावर हात ठेवून उभ्या राहिल्या. काही उपयोग झाला नाही. पुढच्या सभेत प्रस्ताव बहुमताने मंजूर झाला. दोघांनी विरोधात मत दिलं. एकाचं म्हणणं होतं की शहराच्या उत्पन्नाचं नुकसान होतंय, आणि ते खरंही होतं. दुसऱ्याचा स्थळपाहणीत घोटा मुरगळला होता.

उतार भरून टाकला त्या दिवशी बाई घरीच राहिल्या आणि वहिनींशी विनाकारण भांडल्या. दुसऱ्या दिवशी मात्र शेडमध्ये होत्या. ड्रायव्हरांचं टायरचं दुकान पुढच्या पट्टीत सुरू झालं. गिऱ्हाईक नसलं की ते शटर अर्धं ओढून मागच्या दाराने आत येतात, खांबाला धरून उभे राहतात आणि खांब सोडण्याच्या विचारात दुपार घालवतात.

बाई सध्या उलटं जायला शिकताहेत. नर्स समोरून ओरडते, "डावीकडे, आत्या, डावीकडे!" बाई विचारतात, "तुझ्या डावीकडे की माझ्या?" आणि उत्तर यायच्या आत, हसत हसत, सरळ शिंपीकाकांमध्ये जातात.