द्राक्ष खाताना तुटलेली दाढ

द्राक्ष खाताना दाढ तुटली, असं सांगायची सोय नाही, लोक हसतात. पण माझी तशीच तुटली. दिंडोरीहून भावाने पेटी पाठवली होती. आईला एकेक द्राक्ष धुऊन देत होते, मधेच एक स्वतःच्या तोंडात टाकलं आणि कट् झालं. आधी वाटलं, बी असेल. मग आठवलं, ह्या द्राक्षांना बी नसते. हातावर काढलं तर तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा.

उजवीकडच्या त्या दाढेत जुनं सिमेंट भरलेलं आहे. आता त्याच्या शेजारीच जिभेला धारदार कड लागत होती. आरशासमोर आ वासून, मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. सिमेंट निघालं की दाढच फुटली, काही कळेना. डॉक्टरांना फोन केला तर तेही मलाच विचारायला लागले. "दुखतंय का?"

"दुखतंय. म्हणजे नाही. गार लागलं की दुखतं बहुतेक." माझी मलाच चीड आली.

"तुकडा घेऊन पाचला या. जमलं तर तोच चिकटवू," ते म्हणाले.

तुकडा वाटीत घालून ओट्यावर ठेवला आणि साडी बदलायला आत गेले. येऊन बघते तर वाटी रिकामी. आई गॅलरीत उभी, बोटांना कणीक.

गेलं वर्षभर आई मला ओळखत नाही. ताई म्हणते, अहो-जाहो करते आणि रोज न चुकता विचारते, "तुमची आई कुठे असते?" पहिल्यांदा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. आता 'असते इथेच' म्हणून मोकळी होते. तरी रोज सकाळी चहा देताना, आज ओळखेल का, हे मनात असतंच.

"वाटीतलं काय केलंस?" मी जवळजवळ खेकसलेच.

"पत्र्यावर टाकलं." तिने खालच्या पार्किंगच्या शेडकडे बोट दाखवलं. लहानपणी माझे दुधाचे दात ती शेणाच्या गोळीत घालून कौलांवर टाकायची. "शेण कुठे मिळतंय इथे, म्हणून कणकेत घातला. येईल आता नवा. आणि दात पडला तर आईला आधी सांगायचं असतं, कळतं का गं? सारखी जीभ लावू नकोस तिथे, वाकडा येतो."

पन्नाशी उलटलेली मी, 'बरं' म्हणाले. रागवावं की तिच्या गळ्यात पडावं, काही सुचेना.

डॉक्टरांनी तुकडा मागितला तेव्हा 'आईने पत्र्यावर टाकला' म्हणून सांगितलं. ते चक्रावले. सिमेंट शाबूत होतं, शेजारचा दाढेचा कोपरा गेला होता. "आत्ताच भरून टाकू," म्हणाले. मी पुढच्या आठवड्यावर ढकललं. 'येईल आता नवा' हे आईचं अजून कानात होतं.

घरी आले तर आई दारातच. "या ताई," म्हणाली. "तुमची आई कुठे असते?"

"असते इथेच," म्हटलं. जीभ पुन्हा त्या कडेकडे वळली होती, ती मागे घेतली.