पायी चालायचं चिलखत

मस्तगडात तेव्हा फटफटी एकच होती, आणि ती ज्याची होती त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो धोतर नेसून, उघड्या डोक्यानं, दोन्ही कोपरं बाहेर काढून ती पळवायचा. कोंबड्या, शेळ्या आणि आम्ही सगळे एकाच गटारात उड्या मारायचो.

एकदा तो मोच्याच्या दुकानात दिसला. अंगात कापूस भरलेली जाड बंडी, गुडघ्यांना जुन्या खोगिराच्या चामड्याच्या वाट्या. आता डोक्यावर काय घालायचं याची निवड चालली होती. आधी त्यानं लष्करातली लोखंडी टोपी घातली, मग घरचं पितळी पातेलं. दर वेळी मोच्याला म्हणायचा, "हाण हातोडी." पातेलं पास झालं.

मला बरं वाटलं. निदान स्वतःला तरी जपतोय! म्हटलं, "फटफटीवर एवढं पाहिजेच."

"फटफटीवर? बिलकुल न्हाई," तो म्हणाला. "तिच्यावर तर मीच असतो, मंग भ्या कुणाचं? हे पायी चालायला."

"पण गावात दुसरी फटफटी कुठंय?"

"आज न्हाई. उद्या कुणी आणली, अन् तो बी माझ्यावानी चालवत असला तर?"

त्यानं माझ्या उघड्या डोक्याकडं खऱ्या काळजीनं पाहिलं. "तुमी असेच हिंडून राह्यले?"

मग सगळं चिलखत काढून त्यानं मागं बांधलं, किक मारली आणि कोपरं काढून निघून गेला.

मी मोच्यापुढं मापाला गुडघा धरला.

"दम धरा, गुरुजी," मोची म्हणाला. "तुमच्या आधी सगळी गल्ली हाय."