तो हसला म्हणून

पिच्चर माझ्या मुलीनेच निवडला होता. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की त्या मुलाने तिला असलं काही बघायला नेलं. तिला लहानपणापासून भीतीच्या सिनेमांची आवड. खामगावच्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स आहे. दिवसभर टाके आणि ड्रेसिंग, आणि नांदुऱ्याला घरी आली की पांघरुणात मोबाइल घेऊन भुतं. तिची आई म्हणते, "दिवसभराचं रक्त पुरत नाही काय वं तुले?" ती म्हणते, "ते खरं असते आई. हे खोटं असते, म्हणून तं पाह्यता येते."

तिची सुपारी फुटली होती. मुलगा पिंपळगाव राजाचा. घरची शेती आणि गावातच बियाणं-खताचं दुकान. वडील नाहीत, काका घरातले मोठे. आम्ही सगळी चौकशी केली होती, चार ठिकाणी विचारलं होतं, कुणी वावगं बोललं नव्हतं. मग पाच माणसांसमोर कुंकू लागलं, सुपारी फुटली, लग्नाची तारीख निघाली. पुढे दोघांनी एकदा पिच्चरला जावं अशी गोष्ट निघाली तेव्हा माझ्या बायकोने मला सोबत धाडलं.

"दोघंच गेलेलं बरं नाही दिसत. तुमी जा संगं," ती म्हणाली. "मी नाही येत त्या भुतायच्या पिच्चरले. मंग मले न्हाणीत जायचं भेव वाटते."

खामगावच्या टॉकीजमध्ये दुपारचा खेळ होता. मधे मुलगी, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. पुढच्या रांगांत कॉलेजची पोरं, मागे दोन-तीन कुटुंबं, कडेवरची लेकरंसुद्धा. असल्या सिनेमाला लोक लेकरं का आणतात, असा विचार माझ्या मनात आला होता. तेव्हा मी स्वतःला त्या लोकांहून वेगळा समजत होतो.

सिनेमात डोंगरातला एक बंगला होता आणि डोक्यावर पोतं घातलेला, हातात कोयता असलेला एक माणूस. एक तरुण बाई पलंगाखाली लपते आणि तिला फक्त त्याचे पाय दिसतात. टॉकीज गप्प झालं. मग पुढून एक पोरगा ओरडला, "ताई, तिकून निंग ना, तिकून!" लोक हसले. दुसरा म्हणाला, "काऊन सांगतं बे तिले? पैसे वसूल होऊ दे." पुन्हा हसणं. मग त्या माणसाने तिला केसांनी ओढून बाहेर काढलं.

ते मारणं फार वेळ चाललं. अशा वेळी पूर्वी पडद्यावर भिंतीची सावली दाखवत किंवा उडणारं पाखरू. इथे काहीच आडवं येत नव्हतं. पुढची पोरं शिट्ट्या वाजवत होती. मागे एक लेकरू रडायला लागलं, त्याच्या आईने त्याचं तोंड पदरात धरलं. आणि तेवढ्यात तो हसला.

पुढची पोरं हसत होती ती वात्रटपणे, एकमेकांना ऐकवायला. याचं तसं नव्हतं. हा एकटाच, खीखी करत, खांदे हलवत हसत होता. कोयत्याचा एक घाव, की पुन्हा हसू. मुलीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. मी मात्र तिच्या डोक्यावरून त्याच्याकडेच बघत राहिलो. पडद्याचा लाल उजेड त्याच्या दातांवर पडला होता.

पडद्यावरचं सगळं खोटं होतं, हे मला कळत होतं. खरं जे होतं ते एक खुर्ची सोडून बसलं होतं आणि त्याच्या घरी मी माझी मुलगी देणार होतो.

पुढचा सिनेमा मला नीट आठवत नाही. शेवटी तो पोतंवाला सापडला आणि त्या बाईच्या भावाने त्याच कोयत्याने त्याला संपवलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दिवे लागले.

बाहेर रसवंतीवर त्याने माझ्या हातात ग्लास दिला. "मामाजी, कसा वाटला पिच्चर?" त्याच्या कपाळावर घाम होता. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. बियाण्याच्या थैल्या उचलून घट्टे पडलेले, रुंद हात. "बरा होता," मी म्हणालो. माझा घसा बसला होता. रसात बर्फ फार होता, असं मी धरून चाललो.

येताना बसमध्ये मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली. तिची मान उघडी होती. मी तिची ओढणी वर ओढली, उगाचच.

आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, माहेरी परत आलेली. तिच्या कानाच्या मागे जुनी खूण आहे. तिच्या लग्नात सगळे म्हणत होते, पोट्टा मोठा हसतमुख आहे. पिच्चरनंतरचे कितीतरी दिवस मला ती दारात दिसली की मी नजर वळवत होतो. शेजारी कुणी नारळ फोडला तरी माझा जीव दचकायचा. मुलगी फोनवर त्याच्याशी बोलत असली की मी खोलीबाहेर थांबून त्याचं हसणं ऐकू येतं का बघायचो. ही बापाची काळजी, असं मी स्वतःला समजावत होतो.

बायकोला सांगता आलं असतं, मुलीला तर सरळ विचारता आलं असतं. मी ते केलं नाही. आमच्याकडे चौकशी करायची ती सुपारी फुटायच्या आधी. तेव्हा कुणी रागावत नाही, उलट चौकशी न करणाऱ्यालाच लोक नावं ठेवतात. पण सुपारी फुटल्यावर मुलीच्या बापाने तोंड उघडलं, तर लोक ते प्रश्न म्हणून ऐकत नाहीत. काहीतरी खोट सापडली, एवढंच ऐकतात. हे मला ठाऊक होतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे मी, शाळेत लिपिक आहे, चार लोकांच्या सोयरिकी जुळताना पाहिल्या आहेत. तरीही बाजार समितीसमोरच्या चहाच्या टपरीवर, पिंपळगाव राजाहून माल घेऊन आलेल्या एका ओळखीच्या माणसाला मी हळूच विचारलं, "तो पोट्टा कसा आहे हो? कोणावर हात-बित उचलते काय?"

त्या माणसाने चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "नाही बा. काऊन, काही आयकलं काय तुमी?"

"नाही नाही. असंच."

'असंच' म्हटलं तेव्हाच मी घाबरलो होतो. पण शब्द तोंडातून गेला होता.

आठवडा गेला नसेल, आमच्या होणाऱ्या व्याह्यांचा, मुलाच्या काकांचा फोन आला. "इवाई, काय आयकून राह्यलो मी? आमचा पोट्टा बायकायवर हात उचलते म्हणते. अन् हे तुमी सांगतलं म्हणते."

"मी असं म्हटलं नाही."

"मंग काय म्हटलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ते म्हणाले, "दुकानात येनारे लोकं मले विचारून राह्यले. त्याच्या मायनं दोन दिसापासून धड जेवन नाही केलं. तुमी या अन् चार लोकायत सांगा, नाहीतं सुपारी वापस घेऊन जा." फोन ठेवला.

त्या रविवारी मुलगाच आला. एकटा, बसने. बायकोने पाणी दिलं. मुलगी घरी होती, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तो खुर्चीच्या टोकावर बसला.

"मामाजी, तुमाले काई विचारायचं असन तं मले विचारा. लोकं काकाले विचारतात, मायले विचारतात. ते बरं नाही वाटत."

मी विचारलं. "ती पोरगी मरून राह्यली होती अन् तू हसून राह्यला होता. काऊन?"

त्याला आधी समजलंच नाही. मग त्याचे कान लाल झाले. "पिच्चरमंधी?"

"हाव."

त्याने मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग ना."

"मले भेव वाटते मामाजी. लय भेव वाटते. अन् भेव वाटलं का मले हसू येते, मंग ते थांबतच नाही. बाबा गेले तवा मयतीतबी मी असाच हसलो होतो. काकानं मले गोठ्यात नेऊन बसवलं, लोकायले दिसू नये म्हणून."

"मंग असल्या पिच्चरले आलास काऊन?"

"हिले आवडते म्हणून." मग थांबून, "अन् मी पाह्यलंच नाही ते. दारावरच्या लाल दिव्याकडं पाहत होतो. हिले विचारा."

"खरं आहे बाबा," मुलगी म्हणाली. "माझ्या मनगटाले त्याचे नखं रुतले होते. मी मंग त्याले चिडवलं पण बसस्टँडवर. भित्रा कुठचा म्हणून."

मी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, "अन् तुमी बाबा?"

"मी काय?"

"तुमी उभे राह्यले होते. त्या पोतंवाल्याले मारलं तवा. 'मार! अजून मार! तोंडावर मार!' मांगची बाई म्हणत होती, काका खाली बसा, लेकरू भेते."

"तो खुनी होता," मी म्हणालो.

"हाव. पण तिच्या वक्ती तुमी डोळे फिरवले. त्याच्या वक्ती नाही फिरवले."

मी आठवू लागलो. मला टाळ्या आठवत होत्या, त्याआधीचं काहीच नाही. मग घसा आठवला. रसवंतीवरचा बसलेला घसा, जो मी बर्फावर ढकलला होता. आणि मग एकेक येत गेलं. पुढच्या खुर्चीची पाठ माझ्या मुठीत होती. तो माणूस खाली पडला होता, हात जोडत होता, तरी घाव थांबत नव्हते, आणि ते थांबू नयेत असं मला वाटत होतं. माझं मन भरेपर्यंत ते चालावेत, असं. मधे एक गोड गरम असं काहीतरी अंगातून गेलं होतं. ते लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

मुलगा हळूच म्हणाला, "मले तवा पिच्चरपेक्षा तुमचंच भेव वाटलं, मामाजी." आणि तो हसला. तसाच, खीखी करत, खांदे हलवत. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

त्या हसण्याचा अर्थ आता मला माहीत होता. माझ्या घरात, माझ्यासमोर बसून तो ते हसला होता.

मी बायकोकडे पाहिलं. 'हे तसे नाहीत,' एवढं ती म्हणेल म्हणून वाट पाहिली. तिने रिकामे ग्लास उचलले आणि ती आत गेली.

पिंपळगाव राजाला मी एकटाच गेलो. काकांच्या ओसरीत दहा-बारा माणसं बसली होती. मुलगा खांबापाशी उभा होता. काका म्हणाले, "सांगा इवाई. काऊन केली चौकशी?"

बसमध्ये मी एक खोटं तयार करून आणलं होतं. कुणीतरी सांगितलं, मी ऐकलं, असं. पण मग तो कुणीतरी कोण, हा प्रश्न आला असता, आणि आणखी कुणाच्या दारात हे गेलं असतं. म्हणून खरं ते सांगितलं. पोरात काही खोट नाही, चूक माझी. तो पिच्चरमध्ये हसला आणि मी घाबरलो.

मग एक म्हातारबुवा म्हणाले, "पिच्चर पाहून? अरे बाप्पा!" आणि ओसरी हसायला लागली. काकांचाही चेहरा सैल झाला. "हा तं लहानपनापासून असाच हसरा येडा आहे. अन् तुमी काय करत होते मंग, याच्याकडंच पाहत बसले होते काय?"

मी मुलाकडे पाहिलं. तो चपलेने जमीन कोरत होता. त्याने घरी माझं काही सांगितलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"मी उभा राहून ओरडलो," मी म्हणालो. "त्या खुन्याले मारत होते तवा. अजून मार म्हटलं. तो हात जोडत होता तरी."

मला वाटलं, आता शांतता होईल. लोक आधीपेक्षा जोरात हसले. "मंग काय त्याची पूजा करता?" कुणीतरी म्हणालं. काका म्हणाले, "मी तं घरी टीव्हीसमोरबी ओरडतो. बायकोची भाजी जळते तरी मी उठत नाही." एक जण मारून दाखवायला लागला, हवेत हात उगारून, आणि शेजारच्याने मान वाकवून मरून दाखवलं. सगळे चांगले लोक होते. मुलाच्या हसण्यावरून सोयरीक मोडायला आली होती, आणि माझ्या ओरडण्याची कुणी दखलही घेतली नाही. मी त्यांच्यामध्येच बसलो होतो.

"तारीख कायम," काका म्हणाले. चहा आला. मुलानेच माझ्या हातात कप दिला. मी त्याचं तोंड निरखून पाहिलं. एवढ्या हसणाऱ्या माणसांत तो एकटा हसत नव्हता.

नांदुऱ्याला घरी पोचलो तेव्हा मुलगी दारातच उभी होती. चप्पल काढायच्या आत तिने विचारलं, "काय झालं?"

"तारीख कायम आहे."

"अन् तो हसला काय?"

"नाही."

तिने मोठा श्वास सोडला आणि ती उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, "पुढच्या पिच्चरले आमी दोघंच जाऊ, बाबा. तुमी नोका येऊ."

मी हो म्हणालो. 'दोघंच गेलेलं बरं नाही दिसत,' असं या वेळी बायको आतून म्हणाली नाही.