घटनाबाईंचा तास

‘जनता’ हा शब्द घटनाबाईंना अजिबात खपत नसे. कुणी ऐटीत “जनतेचे हाल होतात” म्हटलं, की बाई विचारायच्या, “कुठल्या जनतेचे? नाव सांग.” मी एकदा चिडून म्हणाले, “आमच्या आईचे. नळाला पाणी येत नाही.” “आता कसं! चला, तिचं पाणी कुणाच्या हातात आहे ते बघू,” म्हणाल्या आणि त्याच आठवड्यात अख्खा वर्ग महापालिकेच्या सभेला नेऊन बसवला. नगरसेवक एकमेकांवर ओरडत होते. आम्हाला हसू आवरेना. बाई म्हणाल्या, “ओरडतायत ते बरं आहे. गप्प बसले की काळजी करा.”

बाई करकंबच्या. सोलापुरात खोली घेऊन एकट्या राहायच्या आणि आमच्या कॉलेजात राज्यघटना शिकवायच्या, म्हणून घटनाबाई. नेमणूक दर वर्षी नव्यानं व्हायची.

पुस्तक वाचून दाखवणं त्यांना जमत नसे. बाकं गोल मांडायची, वर्गाचीच घटना समिती करायची, एकानं कलम मांडायचं, बाकीच्यांनी भांडायचं. मैंदर्गीच्या शरणप्पाची पाळी आली तेव्हा मागून कुणीतरी खिदळलं. त्याच्या घरी कन्नड. मराठी बोलताना अडखळायचा. बाई म्हणाल्या, “सन्माननीय सदस्य कन्नडमध्ये बोलतील. मला कन्नड येत नाही, ही अडचण माझी आहे, त्यांची नव्हे.” माझं आजोळ अक्कलकोटकडचं, कन्नड कळायचं, म्हणून मी मराठी करून सांगत गेले. गावच्या विहिरीवर कोण पाणी भरतं आणि कोण लांब उभं राहतं, हे शरणप्पा सांगत होता. खिदळणारा मान खाली घालून ऐकत राहिला.

मग आणीबाणी आली. फी भरायला आम्ही रांगेत होतो; शेजारीच प्राचार्यांच्या खोलीचं दार उघडं होतं.

“बाई, यंदा मूलभूत हक्कांचा भाग गाळा. वरून विचारणा झालीय.”

“परीक्षेला आहे ना, सर?”

“मुलं घरी वाचतील.”

“वाचतील. पण प्रश्न मला विचारतील.”

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या. फळ्यावर ‘मूलभूत हक्क’ असं लिहिलं. आमच्याकडे वळून म्हणाल्या, “भीती वाटतेय मला. पण लिहून घ्या. हक्क सध्या स्थगित आहेत. स्थगित म्हणजे पुसलेले नव्हेत.”

पुढच्या जूनमध्ये त्यांची नेमणूक झाली नाही. एसटी स्टँडवर पोचवायला आम्ही गेलो. शरणप्पा ट्रंक टपावर चढवून खाली उतरला, तो संतापलेलाच. “बाई, आमी कॉलेज बंद पाडतो की!”

“आधी परीक्षा दे. आणि भांडायचंच तर वकिलीची सनद घेऊन भांड.”

पुढे झाला तो वकील.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक लागली. मला एकविसावं सरलं होतं, मतदार यादीत पहिल्यांदाच नाव आलं होतं. उन्हात रांगेत उभी असताना मागून आवाज आला, “पुढं सरक गं!” बाई! करकंबजवळच्या एका शाळेत लागल्या होत्या, पण मत अजून सोलापुरातच होतं. त्यासाठी पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. आठ-नऊ महिन्यांत केस बरेच पिकले होते.

दोघींनी मत दिलं. बाहेर आल्यावर मला राहवेना. “बाई, सांगू कुणाला दिलं?”

त्यांनी चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. “नाही सांगायचं. मलासुद्धा नाही. ते तुझं एकटीचं.”

आणि परतीची गाडी गाठायला झपाझप निघून गेल्या. पुन्हा भेट झाली नाही. ते मत कुणाला दिलं, हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. घरच्यांनाही नाही.